ओबासुते येथील सोय

जपानसंबंधीं आपल्या मासिकांतून जें लिहिलें जातें तें बहुतेक वेगासंबंधीं असतें. १९६४ सालीं टोकियो व ओसाका ह्या शहरांच्या दरम्यान सुरू झालेली ती सुप्रसिद्ध आगगाडी, तिचें निमुळतें तोंड आणि तिचा सेकंदासेकंदाचा हिशेब, एवढें वर्णन केलें म्हणजे जपानचा प्रवास सांगून झाला, अशी पुष्कळांची समजूत दिसते. ज्या स्थानकाविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे तेथें जलद गाडी थांबत नाहीं. आणि जी साधी गाडी थांबते तिलाहि तेथें एकदां उलट्या पावलांनीं चालावें लागतें. स्थानकावर मास्तर नाहीं, तिकिटें देणारा बाबू नाहीं, हमाल नाहीं, चहावाला नाहीं. असें असूनहि जपानांत आम्हीं जें जें पाहिलें त्यांत ह्या स्थानकाइतकें दुसरें कांहींच आमच्या घरांत पुन्हा पुन्हा बोललें जात नाहीं.

ह्या स्थानकाचें नांव ओबासुते. मध्य जपानांतील नागानो प्रांतांत, मात्सुमोतो आणि नागानो ह्या दोन शहरांना जोडणाऱ्या लोहमार्गावर, डोंगराच्या उतारावर तें वसलेलें आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ५५१ मीटर. १९०० सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस तें उघडलें. सध्यांची लांकडी इमारत १९३४ सालची असून २०१० सालीं तिला तिचें मूळ रूप पुन्हा देण्यांत आलें. जपानी भाषेंत 'ओबा' म्हणजे आत्या किंवा मावशी, आणि 'सुते' म्हणजे टाकून देणें. 'आत्या टाकली ती जागा' असा ह्या नांवाचा सरळ अर्थ होतो.

आणि आम्ही तेथें गेलों होतों तें आमच्या आत्येला बरोबर घेऊन!

हा योग कसा आला तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त मात्सुमोतो येथें राहतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही, आमची सौ. आणि आत्या असे तिघे उन्हाळ्याच्या सुरुवातीस तिकडे गेलों होतों. आत्येचें वय ब्याऐंशी. आमची आई गेली तेव्हां आम्ही चार वर्षांचे, मधला भाऊ अडीच वर्षांचा आणि धाकटा पाळण्यांत होता. आत्या ऐन तारुण्यांत वैधव्य पत्करून माहेरीं आली होती. तिनें आम्हां तिघांना वाढविलें, वाईच्या एका प्राथमिक शाळेंत पस्तीस वर्षें शिकविलें, आणि निवृत्तीनंतर वाड्याचें सर्व राज्य चालविलें. आतां तो वाडा पाडून तेथें सदनिका बांधण्याचें ठरलें आहे. तीन वर्षें तरी घर नाहीं. आणि पुढें जें मिळेल तें तीन भावांत तीन मजल्यांवर विभागलेलें. त्यामुळें गेलें वर्षभर आम्हां भावांच्या पत्रांत, दूरध्वनींत आणि बैठकींत एक प्रश्न सतत येत असे. 'आत्येच्या सोयीचें काय?'

'सोय' हा शब्द मोठा गमतीचा आहे. तो जितका मायेचा तितकाच कोरडा होऊं शकतो. पाहुण्याची सोय, मुलीच्या शिक्षणाची सोय, ह्यांत माया आहे. म्हाताऱ्या माणसाची सोय म्हटली कीं त्याच शब्दाला जरा निराळा वास येतो. धाकट्या भावानें पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमाचें माहितीपत्रक आणविलें होतें. मधला म्हणत होता कीं चार चार महिने पाळीनें ठेवावें. आमचें मत असें कीं आत्येनें आमच्याकडेच यावें. मग आमचें घर तिसऱ्या मजल्यावर असलें तरी पाहून घेऊं. बैठक संपे, आत्या आंतून चहा घेऊन येई, आणि विषय बदले.

तेव्हां चिरंजीवांनीं 'उद्यां तुम्हांला एक सुंदर स्थानक दाखवितों' असें म्हटलें त्या वेळीं त्या नांवाचा अर्थ त्यांनीं आम्हांस एकीकडे घेऊन हळूच सांगितला. आजीला सांगावें कीं न सांगावें असा त्यांस पेंच पडला होता. आम्ही म्हटलें, "ती पस्तीस वर्षें मास्तरीण होती. तूं न सांगितलेंस तर ती तुझ्याकडून काढून घेईल."

मात्सुमोतोहून निघालेली गाडी दोन-तीन डब्यांची होती. थंड प्रदेशांतील गाडी असल्यामुळें तिचीं दारें आपोआप सताड उघडत नाहींत. ज्याला उतरावयाचें असेल त्यानें दाराजवळची कळ दाबावी म्हणजे तें दार तेवढें उघडतें, आणि आंतली ऊब आंत राहते. आत्येला ही युक्ति फार पटली. "आपल्याकडे कुणी दार लोटून घेत नाही, ही गाडी बरी," असा शेरा तिनें दिला. वाटेंत कामुरिकी नांवाचा डोंगर येतो. त्याच्या पोटांतून २,६५६ मीटर लांबीचा बोगदा गेला आहे. गाडी त्या काळोखांतून बाहेर पडते आणि उजव्या हातास, कोणीं पडदा ओढावा तसें, अवघें खोरें एकदम खालीं पसरतें. मध्यें चिकुमा नदीचें वळण, पलीकडे डोंगरांची रांग, आणि उत्तरेकडे दूरवर नागानो शहर. हीच नदी पुढें शिनानो ह्या नांवानें समुद्रास मिळते. ३६७ किलोमीटर लांबीची ही जपानांतील सर्वांत लांब नदी. खालच्या ह्याच मैदानांत १५५३ ते १५६४ ह्या काळांत ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केन्शिन ह्या दोन सरदारांनीं पांच वेळां एकमेकांशीं झुंज घेतली. जपानांत आगगाडीच्या खिडकींतून दिसणारे जे तीन देखावे सर्वोत्तम म्हणून गणले गेले आहेत त्यांतील हा एक होय. उरलेल्या दोहोंपैकीं होक्काइदो बेटावरील मार्ग १९६६ सालीं दुसरीकडून वळविला गेला, आणि क्यूशू बेटावरील मार्गाची वाहतूक २०२० च्या जुलै महिन्यांतील महापुरानें बंद पडली.

गाडी स्थानकासमोरून तशीच खालीं निघून गेली तेव्हां सौ. घाबरून उठली. परंतु थोड्या अंतरावर गाडी एका बाजूच्या रुळावर थांबली, आणि मग मागें मागें सरत फलाटाला लागली. ह्याचें कारण सोपें आहे. त्या डोंगराचा चढ हजारांत पंचवीस इतका आहे. वाफेच्या इंजिनाला अशा चढावर एकदां थांबल्यावर पुन्हा निघणें कठीण. म्हणून मुख्य मार्ग चढावर ठेवून स्थानक बाजूला, सपाट केलेल्या जागेवर बांधले. ज्या गाड्यांना थांबावयाचें नाहीं त्या सरळ वर निघून जातात. ज्यांना थांबावयाचें आहे त्यांनीं आडव्या रुळांवरून मागें-पुढें करून यावें. आपल्या भोर घाटांतहि खंडाळ्याजवळ १८६३ पासून १९२९ पर्यंत गाडीला उलटी फिरविणारें असें स्थानक होतें. घरांतील जुनीं माणसें त्याच्या गोष्टी सांगत. इंजिन एका टोंकाचें सोडून दुसऱ्या टोंकाला लावीपर्यंत प्रवासी खालीं उतरून पाय मोकळे करीत म्हणे. वाफेची इंजिनें केव्हांच गेलीं. विजेच्या गाड्यांना हा खटाटोप करण्याची आवश्यकता उरलेली नाहीं. तरीहि ओबासुतेला तो चालू आहे, कारण स्थानक जेथें आहे तेथेंच आहे आणि गांवचीं माणसें तेथेंच चढतात.

आतां येथील सोयींविषयीं. इमारतींत एक प्रतीक्षागृह आहे. भिंतीवर वेळापत्रक लावलेलें आहे. गाड्या साधारण तासातासाच्या अंतरानें येतात; एक चुकली तर बसून राहावें. दोन फलाट असून त्यांना जोडणारा पूल आहे. जिना चढूनच पलीकडे जावें लागतें, आणि ब्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यांना तो कांहीं सुखाचा नव्हे. शौचकूप स्वच्छ होता. ज्या जागेवर दिवसभर एकहि नोकर नाहीं तेथें तो स्वच्छ कसा राहतो, ह्याचा विचार आम्ही अजून करीत आहोंत. जपानांतील अशा निर्मनुष्य स्थानकांवर तिकिटाची व्यवस्था बहुधा गाडींतच केलेली असते. चढतांना प्रवासी क्रमांक छापलेली एक चिठ्ठी घेतो. चालकाच्या डोक्यावरील फळ्यावर त्या क्रमांकासमोर भाडें उमटत जातें. उतरतांना चिठ्ठी आणि पैसे चालकाजवळच्या पेटींत टाकावयाचे. पैसे कमी टाकले तर कोण पाहणार, असा प्रश्न आपल्या मनांत प्रथम येतो. पाहणारा चालक असतोच; पण रांगेंतल्या शाळकरी मुलांकडे पाहून वाटलें कीं त्यांच्या मनांत हा प्रश्न येतच नसावा.

परंतु ह्या सर्वांहून आम्हांस ज्या सोयीचें नवल वाटलें ती म्हणजे तेथील बांकें. जगांतल्या यच्चयावत् स्थानकांवर बांकें रुळांकडे तोंड करून असतात, कारण प्रवाशाला गाडीची वाट पाहावयाची असते. ओबासुतेच्या फलाटावरील बांकें रुळांकडे पाठ करून, खोऱ्याकडे तोंड करून मांडलेलीं आहेत. गाडी यावयाची तेव्हां येईल. ती आली कीं आवाज होतोच. तोंवर माणसानें गाडीकडे डोळे लावून कशाला बसावें, असा विचार कोणा अधिकाऱ्यानें केव्हां तरी केला असला पाहिजे. २०१७ सालापासून 'शिकी-शिमा' नांवाची एक अत्यंत महागडी विलासी गाडी येथें थांबूं लागली, आणि तिच्या प्रवाशांसाठीं स्थानकावर एक निराळी नटविलेली बैठकहि करण्यांत आली. ती आमच्यासारख्यांसाठीं नव्हे. पण देखावा तोच, आणि बांकावर बसून तो फुकट दिसतो. आम्हां कोंकणस्थांना ह्यापरतें सुख तें कोणतें?

त्या दिवशीं ज्येष्ठी पौर्णिमा होती. सौ.चा वटपौर्णिमेचा उपास होता. वड त्या देशांत कोठून मिळणार? सकाळीं तिनें कागदावर काढून पूजा उरकली होती. बरोबर केळीं आणि भाजलेले शेंगदाणे होते. चौघेंजण बांकावर बसलों, आणि आत्येनें चिरंजीवांस अपेक्षेप्रमाणें विचारलें, "या गावाच्या नावाचा अर्थ काय रे?"

चिरंजीवांनीं एकदां आमच्याकडे पाहिलें आणि मग गोष्ट सांगितली. ती दहाव्या शतकांतील 'यामातो मोनोगातारी' नांवाच्या ग्रंथांत आहे. साराशिना ह्या भागांत एक मनुष्य राहत असे. त्याचे आईबाप लहानपणींच वारले होते, आणि आत्येनें त्याला आईसारखें वाढविलें होतें. त्याच्या बायकोला ती वाकलेली म्हातारी डोळ्यांसमोर नको झाली. ती नवऱ्याचे कान भरूं लागली, आणि शेवटीं 'हिला दूर डोंगरांत नेऊन टाका' म्हणून तिनें हट्ट धरला. एके रात्रीं स्वच्छ चांदणें पडलें असतां तो आत्येला म्हणाला, 'देवळांत मोठा उत्सव आहे, चल, तुला दाखवितों.' ती आनंदानें त्याच्या पाठीवर बसली. जेथून तिला उतरतां येणार नाहीं अशा उंच जागीं त्यानें तिला नेऊन ठेविलें, आणि ती हांका मारीत असतां उत्तर न देतां तो पळून आला.

सौ. म्हणाली, "सगळ्या देशांत मेली सूनच वाईट कशी असते? त्याला स्वतःला पाय नव्हते का?"

सौ.चा आक्षेप यथार्थ आहे. ग्रंथकारानें दोष सुनेच्या माथीं मारून पुतण्याला हलकें केलें आहे, हें कोणाच्याहि ध्यानांत येईल. पण आत्येचें लक्ष तिकडे नव्हतें. तिनें विचारलें, "शिदोरी दिली होती का तिला बरोबर?"

"तसं कांहीं लिहिलेलं नाही, आजी."

"मग पुढं काय झालं?"

पुढें असें झालें. घरीं आल्यावर त्या माणसाला तिनें वाढविल्याचीं वर्षें आठवूं लागलीं. त्याच डोंगरावर चंद्र वर आला. त्याला रात्रभर डोळा लागेना. त्यानें एक कविता केली, आणि मग परत जाऊन तो आत्येला घरीं घेऊन आला. गोष्ट येथें संपते. नांव मात्र टाकल्याचें राहिलें, परत आणल्याचें राहिलें नाहीं. ह्याचें आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटतें.

त्या डोंगरावरील चंद्राचें वेड मात्र जपानी मनानें हजार वर्षें सोडलें नाहीं. बाशो हा कविश्रेष्ठ १६८८ सालीं केवळ येथील शरदाचा चंद्र पाहण्यासाठीं आला, आणि त्या प्रवासाचें त्यानें वर्णन लिहिलें. 'नो' ह्या जुन्या नाट्यप्रकारांत ह्याच नांवाचें एक नाटक आहे; त्यांत टाकलेल्या म्हातारीचें भूत चांदण्यांत नाचतें आणि पहाटे पुन्हा एकटें राहतें. आम्हांस सर्वांत हृद्य वाटली ती अकराव्या शतकांतील एका स्त्रीची गोष्ट. तिचें नांव इतिहासास ठाऊक नाहीं. ताकासुए नांवाच्या सरदाराची कन्या एवढेंच म्हणतात. १०५८ सालीं तिचा पति वारला. घरांत एकटी राहिली असतां एका काळोख्या रात्रीं तिचा एक भाचा तिला भेटावयास आला. त्या प्रसंगीं तिनें जी कविता केली तींत ओबासुतेचें नांव येतें; आणि तिच्या आत्मचरित्राला ह्या भागावरून 'साराशिना निक्की', म्हणजे साराशिनाची रोजनिशी, असें नांव पडलें. ज्या बाईनें हा प्रांत वर्णिलासुद्धां नाहीं तिची रोजनिशी त्याच्या नांवानें ओळखली जाते.

म्हाताऱ्यांना डोंगरांत टाकण्याची चाल जपानांत खरोखर होती काय? १९५६ सालीं फुकाझावा शिचिरो ह्या लेखकानें ह्या विषयावर कथा लिहिली. तिच्यावर १९५८ सालीं किनोशिता ह्यांनीं आणि १९८३ सालीं इमामुरा ह्यांनीं चित्रपट काढले, आणि दुसऱ्यास फ्रान्समधील कान येथील सर्वोच्च पारितोषिक मिळालें. किनोशितांच्या चित्रपटाच्या अखेरीस हेंच स्थानक दिसतें. त्यामुळें जगाची समजूत अशी झाली कीं ही त्या देशांतील रूढि होती. पण अशी सार्वत्रिक चाल असल्याचा पुरावा इतिहासांत सांपडत नाहीं. उलट, आठव्या शतकांतील त्यांचा कायदा सांगतो कीं ऐंशी वर्षांच्या माणसाच्या सेवेस एक मनुष्य द्यावा, नव्वद वर्षांच्या माणसास दोन, आणि शंभर वर्षांच्या माणसास पांच! हें ऐकून आत्या म्हणाली, "म्हणजे मला सध्यां एकच मिळेल. नव्वदीपर्यंत थांबलं पाहिजे."

ह्या कथेचा एक दुसरा, आणि आपल्या दृष्टीनें अधिक जवळचा, प्रकार आहे. एका राजाची आज्ञा असते कीं म्हाताऱ्या माणसांना देशाबाहेर टाकावें. एक मुलगा आपल्या आईला जमिनीखालीं लपवून ठेवतो. शेजारचा राजा कोडीं घालतो: राखेची दोरी वळून दाखवा, ज्या मण्याचें भोंक वेडेंवांकडें आहे त्यांत दोरा ओवा. कोणासच तीं सुटत नाहींत. म्हातारी सांगते, दोरी मिठाच्या पाण्यांत भिजवून मग जाळ. मुंगीच्या कमरेला दोरा बांधून भोंकाच्या पलीकडच्या तोंडाला मध लाव. देश वांचतो, आणि राजा ती आज्ञा मागें घेतो. ही गोष्ट जपानची म्हणून सांगितली जाते. परंतु तिचें मूळ आपल्याकडचें आहे. इ. स. ४७२ मध्यें चिनी भाषेंत भाषांतरित झालेल्या एका बौद्ध कथासंग्रहांत ती आहे. तेथें म्हाताऱ्या आईऐवजीं म्हातारा बाप आहे, आणि कोडें घालणारा देव आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन घोड्यांत आई कोणती आणि शिंगरूं कोणतें तें ओळखा. मोठ्या हत्तीचें वजन करून दाखवा.

येथें चिरंजीवांनीं गोष्ट मध्येंच थांबविली आणि आजीची परीक्षा घ्यावी म्हणून उत्तर सांगितलें नाहीं. आत्येनें क्षणाचाहि विलंब लावला नाहीं. "हत्तीला होडींत चढवायचं, पाणी कुठवर आलं तिथं खूण करायची, मग हत्ती उतरवून तेवढे दगड भरायचे आणि दगड तोलायचे. शहाजीराजांच्या हत्तीची गोष्ट म्हणून मी ही चौथीला शिकवीत होते. आणि घोड्यांपुढं गवत टाकायचं. जी पुढं ढकलील ती आई."

दुसऱ्या कोड्याचें उत्तर तिला कोणीं शिकविलें नव्हतें.

संध्याकाळ होत आली तसे आम्ही फलाटाच्या कडेला जाऊन खालचीं शेतें पाहूं लागलों. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनीं सुमारे दीड हजार लहान भातखाचरें उतरत गेलीं आहेत. कांहीं तर माजघराएवढींसुद्धां नाहींत. १९९९ सालीं सरकारनें ह्या खाचरांना राष्ट्रीय रम्यस्थळ म्हणून संरक्षण दिलें. 'शेताशेतांतला चंद्र' म्हणून ह्या जागेची ख्याति आहे, आणि हिरोशिगे ह्या चित्रकारानें प्रत्येक खाचरांत एकेक चंद्र रंगविला आहे. वस्तुतः एका जागीं उभ्या असलेल्या माणसाला एकाच वेळीं इतके चंद्र दिसणें शक्य नाहीं. आपण चालूं लागलों कीं चंद्र एका खाचरांतून दुसऱ्यांत उडी मारतो, एवढेंच. शिवाय शरदांतल्या ज्या चंद्रासाठीं कवि आले त्या वेळीं भात कापणीला आलेलें असतें, आणि खाचरांत पाणी नसतें. पाण्यांतला चंद्र पाहावयाचा तर लावणीच्या दिवसांत, म्हणजे आम्ही गेलों तेव्हां, यावें. कवींच्या आणि चित्रकारांच्या वर्णनांना आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण शेतकऱ्याला विचारून यावें हें बरें.

हीं खाचरें इतकीं लहान आणि उतारावर आहेत कीं मोठीं यंत्रें तेथें चालत नाहींत. तरुण माणसें शहरांत गेलीं, आणि म्हाताऱ्यांच्या पाठी वांकल्या. तेव्हां १९९६ सालापासून येथें अशी व्यवस्था सुरू झाली कीं शहरांतल्या कुटुंबानें वर्षाला ठराविक रक्कम देऊन एक खाचर आपलें म्हणावें, लावणीला आणि कापणीला यावें, मधल्या काळांत गांवकऱ्यांनीं पाणी आणि तण पाहावें, आणि तांदूळ त्या कुटुंबानें न्यावा. संपूर्ण जपानांत आज पासष्ट वर्षांवरील माणसें शेंकडा एकोणतीस आहेत. २००० सालापासून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाकडून वृद्धांच्या शुश्रूषेच्या विम्याचा हप्ता कायद्यानें घेतला जातो. सुनेनें पाहावें कीं लेकीनें, हा प्रश्न त्या देशांतहि घराघरांतून होताच. सरकारनें त्यांत हात घातला. तरी गांवें ओस पडावयाचीं राहिलीं नाहींत. आमच्याबरोबर त्या वेळीं फलाटावर दोन शाळकरी मुली आणि भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजीबाई होत्या. स्थानकाचा खरा उपयोग ह्यांना. आजीबाईंनीं आत्येकडे पाहून कमरेंतून वांकून नमस्कार केला. आत्येनेंहि हात जोडले. मग दोघी एकाच बांकावर बसल्या आणि भाषा नसतांना गुडघ्यांविषयीं बराच वेळ बोलल्या. जिन्याकडे बोट दाखविण्यांत सर्व कांहीं आलें.

सात वाजून गेल्यावर चंद्र वर आला. खालीं चार-पांच खाचरें पांढरीं झालीं. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग आत्या आमच्याकडे न पाहतांच म्हणाली, "बाळ, तुम्ही तिघे भाऊ माझ्या सोयीचं बोलतां तें मला ऐकूं येतं. चहा आणायला मला इतका वेळ कशाला लागतो?"

आम्ही गप्प राहिलों.

"त्या पुतण्यानं आत्येला विचारलं नव्हतं. नेलं तेव्हांहि नाही आणि परत आणलं तेव्हांहि नाही. ती म्हातारी त्या घरांत परत यायला खुशीत होती कीं नाही, हें तुझ्या पुस्तकांत आहे का रे?" हा प्रश्न चिरंजीवांस होता.

"नाही, आजी."

"मग लिही. मी सांगतें तसं लिही, आणि दोघां काकांना पाठव."

गाडीची वेळ झाली होती. आजीबाईंनीं आत्येची पिशवी घेतली, सौ.नें हात धरला, आणि सर्वजण पुलाचा जिना चढून पलीकडच्या फलाटावर गेलों. गाडी आली. ती निघाली तीहि आधीं मागें सरली, काळोखांत एका बाजूला क्षणभर उभी राहिली, आणि मग चढाला लागली. चिरंजीवांनीं हातांतल्या यंत्रावर लिहावयास घेतलें.

"पहिलं कलम. तिसऱ्या मजल्यावर मी राहणार नाही. मग तो कुणाचाहि असो. नवीन इमारतींत तळमजल्याची एक खोली माझ्या नांवानं ठेवायची. माझं निवृत्तिवेतन आहे, मी फुकट मागत नाही. दुसरं. मधल्या तीन वर्षांत कुणाकडे किती दिवस राहायचं तें मी ठरवीन, पाळी लावायची नाही. तिसरं. तें जें माहितीपत्रक आणलंय त्या आश्रमांत मला एकदां घेऊन जायचं. मी स्वयंपाकघर बघेन, तिथल्या चार बायकांशीं बोलेन, आणि मग हो कीं नाही तें सांगेन. चौथं..."

तेवढ्यांत बोगदा लागला. खिडकीच्या कांचेवर आमचींच तोंडें दिसूं लागलीं, आणि आवाजांत कांहीं ऐकूं येईना. आत्या थांबली. बोगद्यांतून बाहेर आल्यावर तिनें चौथें कलम सांगितलें. तें शिवणाच्या यंत्राविषयीं होतें. वाडा पाडतांना तें कोणास देऊन टाकावयाचें नाहीं, आणि तेल घालून, कापडांत गुंडाळून मधल्यानें आपल्याकडे न्यावें, असें तिनें सांगितलें.